कोरा रकाना कोणाचा?

एडगर फ्रँक कॉड यांना सगळे टेड म्हणत. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, वयाच्या ७९व्या वर्षी, हृदयविकाराने ते गेले. त्यांचं नाव आपल्याकडे संगणक शिकणाऱ्या मुलांच्या परीक्षेपुरतं उरलं आहे, आणि तेही 'कॉडचे बारा नियम' या पाच गुणांच्या प्रश्नात. तरी बँकेचं पासबुक, रेल्वेचं आरक्षण, गॅसचं अनुदान, विजेचं बिल या सगळ्यांच्या मागे माहितीची जी तक्त्यांसारखी मांडणी असते, ती मुळात त्यांच्या डोक्यातून निघाली. मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात आयुष्य काढलं. रत्नागिरीत बसून रोज त्यांचीच भाषा बोलत होते. पण मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते वेगळ्या कारणाने. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांतला फरक हा माझ्या वडिलांच्या न्यायशास्त्रातला फार जुना प्रश्न. कॉडनी तो यंत्राला शिकवायचा हट्ट धरला. हा हट्ट मला नुसता तांत्रिक वाटत नाही, धर्माचा वाटतो.

त्यांचा जन्म १९२३चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड नावाच्या खडकाळ बेटावरचा. वडील चामड्याच्या धंद्यात, आई शिक्षिका, सात भावंडांत हे शेंडेफळ. पोर्टलंडचा पांढरा दगड इंग्लंडभर जातो. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी लंडनमध्ये उभारलेलं स्मारक याच दगडाचं आहे, आणि त्याच्या आत कोणीही पुरलेलं नाही. ज्यांचे देह सापडले नाहीत, त्यांचंही ते आहे. पुढे मी जे सांगणार आहे त्याच्याशी हे जुळतं म्हणून सांगितलं, बाकी त्यात काही नाही.

ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात रसायन आणि गणित शिकत असताना युद्ध चालू होतं. शिक्षणाच्या निमित्ताने मागे राहता आलं असतं, पण कॉड स्वतःहून हवाई दलात गेले. कोस्टल कमांडमध्ये ते सन्डरलंड विमानं चालवू लागले. सन्डरलंड म्हणजे चार इंजिनांची, पाण्यावर उतरणारी अवजड उडती नाव. तिचं काम अटलांटिकवर बारा-बारा तास घिरट्या घालून जर्मन पाणबुड्या शोधायचं. हे काम मी पुष्कळदा मनात उभं केलं आहे. खाली तास न् तास पाणी. सगळ्यांचे डोळे त्या पाण्यावर. बहुतेक दिवशी काहीच दिसत नाही. संध्याकाळी उतरल्यावर नोंदवहीत काय लिहायचं? 'पाणबुडी दिसली नाही' असं लिहिता येतं. 'पाणबुडी नव्हती' असं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने निघालेला जहाजांचा ताफा बुडू शकतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. पुढे शाळेत संस्कृत शिकवलं, पण त्यांचा जीव न्यायशास्त्रात. मला त्यांनी अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह शिकवला तो पाटावर बसवून, परवचा म्हणून घेतल्यासारखा. सात पदार्थांतला शेवटचा अभाव. कणादांच्या मूळ यादीत सहाच आहेत. सातवा मागाहून मान्य झाला, आणि त्यावर नैयायिकांनी जेवढी शाई खर्च केली तेवढी बाकीच्या सहांवर केली नसेल. जमिनीवर घडा नाही, हे तुम्हाला कसं कळलं? घडा दिसतो ते ठीक. घड्याचं नसणं कशाने दिसतं? कुमारिल भट्टांच्या मताने त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळंच प्रमाण लागतं. नैयायिक म्हणतात, वेगळं प्रमाण नको, डोळ्यांनाच कळतं. अण्णा अर्थातच नैयायिकांच्या बाजूचे. पण एका अटीवर दोघांचंही एकमत आहे, आणि ती अट अण्णा फार सावकाश सांगत. न दिसण्यावरून नसणं तेव्हाच सिद्ध होतं, जेव्हा ती वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती. उजेडात, उघड्या अंगणात, धडधाकट डोळ्यांना घडा दिसला नाही, तर घडा नाही. अंधारात दिसला नाही, तर घड्याबद्दल तुम्ही काहीच बोलू नये. म्हणून नुसती अनुपलब्धी पुरत नाही, योग्यानुपलब्धी लागते.

पाण्याखालची पाणबुडी दिसण्याजोगी नसते. ती बॅटरी भरायला वर येते तेव्हा दिसते, एरवी नाही. सन्डरलंडमधल्या तरुण वैमानिकाला हा नियम संस्कृतातून शिकायची गरज नव्हती. रोज तो त्यातूनच जात होता. कॉडच्या हवाई गस्तीचा आणि त्यांच्या पुढच्या संशोधनाचा हा दुवा मी जोडते आहे, त्यांनी जोडलेला नाही. पण मला तो सोडवत नाही.

योग्यानुपलब्धीच्या याच अटीच्या बळावर दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत नास्तिकांना उत्तर दिलं. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असं तुम्ही म्हणता. पण ईश्वर हा डोळ्यांना दिसण्याजोगा पदार्थच नाही, मग त्याच्या न दिसण्यातून काय सिद्ध होणार? अण्णांना हा युक्तिवाद प्राणाहून प्रिय होता. मला त्याची निम्मी बाजू पटते. 'नाही' हे लिहायचा अधिकार तो नास्तिकाकडून काढून घेतो, हे खरं. पण तेवढ्यावर 'आहे' लिहायचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी उदयनांना वेगळी अनुमानं द्यावी लागली, आणि ती अनुमानं मला अण्णांइतकी भरवशाची वाटत नाहीत. देवळात मी जाते, हात जोडते, आणि तो रकाना माझ्याकडून कोरा आहे. अण्णांना हे ठाऊक होतं. ते रागावले नाहीत. 'संशय ही पायरी आहे, तिथे घर बांधू नकोस' एवढंच म्हणाले. मी अजून त्या पायरीवर आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही.

युद्ध संपल्यावर कॉडनी पदवी पुरी केली आणि १९४८ साली न्यूयॉर्क गाठलं. वैमानिकाच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने अमेरिका आधी पाहिली होती, तिथलं मोकळं आभाळ मनात बसलं होतं. उडायची हौस त्यांना पुढेही सुटली नाही. सुरुवातीला मेसीज या मोठ्या दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात विक्रेता म्हणून काम केलं. मग टेनेसीत थोडे महिने गणित शिकवलं. १९४९ साली आयबीएममध्ये आले. तिथे त्यांना मिळालेलं यंत्र न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून काचेतून दिसेल असं मांडलेलं होतं, येणारे-जाणारे थांबून बघत. परदेशात गेलेल्या माणसाची ही कथा आपल्या ओळखीची आहे. फरक एवढाच, की चार वर्षांनी या माणसाने तो देश सोडला. तेही तत्त्वासाठी.

सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे ते दिवस. सरकारी खात्यांत कम्युनिस्ट शिरले आहेत, असा त्यांचा आरोप. २० फेब्रुवारी १९५० रोजी सेनेटमध्ये त्यांनी एकामागून एक प्रकरणं वाचून दाखवली. त्यातल्या चाळीसाव्या प्रकरणाशी मी अडते. त्या कर्मचाऱ्याबद्दल आपल्याजवळ फारशी माहिती नाही, हे मॅकार्थींनी स्वतःच सांगितलं. कम्युनिस्टांशी त्याचा संबंध नसल्याचं फाइलीत काही नाही, एवढीच काय ती माहिती. आणि एवढ्यावर तो माणूस यादीत.

हे वाचलं तेव्हा अण्णांची अट आठवल्यावाचून राहिली नाही. फाइलीत काही नाही, हा फाइलीचा गुण. तो त्या माणसाच्या माथी मारला गेला. अंधारात घडा न दिसल्यावरून 'घडा नाही' म्हणणारा चुकतो. हे त्याच्याही पुढचं झालं: अंधारात काही दिसलं नाही, म्हणून तिथे साप आहेच. माणसांच्या नोकऱ्या गेल्या, घरं मोडली, ती अशा कोऱ्या जागा भरून घेण्यातून. १९५३ साली मॅकार्थींच्या निषेधार्थ टेड कॉड अमेरिका सोडून कॅनडात, ओटावाला गेले. तेव्हा ते तिशीतले, आयबीएमच्या अगदी पुढच्या कामावर असलेले. मुलाखतीत आडपडदा न ठेवता बोलणं सोपं असतं, बस्तान उठवून जाणं सोपं नसतं. चार वर्षांनी ते परतले, आयबीएमच्या स्ट्रेच यंत्रावर काम केलं, आणि १९६५ साली मिशिगन विद्यापीठातून पीएचडी घेतली. प्रबंध स्वतःची प्रत स्वतः काढणाऱ्या यंत्रांवर. जॉन फॉन नॉयमन यांनी त्यासाठी पेशीच्या २९ अवस्था वापरल्या होत्या, कॉडनी ते आठांत बसवलं. जास्तीचं सगळं काढून टाकायचं, ही त्यांची सवय इथेच दिसते.

मग कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, आणि जून १९७०चा तो लेख. त्या वेळी संगणकात माहिती ठेवत ती झाडासारखी किंवा जाळ्यासारखी: एका नोंदीतून दुसरीकडे जाणारा धागा, तिथून तिसरीकडे. हवी ती गोष्ट काढायची तर वाट माहीत हवी. या पद्धतीचे मोठे धुरीण चार्ल्स बाखमन यांनी १९७३ साली संगणकशास्त्रातल्या मानाच्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात प्रोग्रामरला मार्गदर्शक खलाशाची उपमा दिली होती. कॉडचं म्हणणं याच्या उलट. वाट कोणाला माहीत असायची गरजच पडू नये. सगळी माहिती साध्या तक्त्यांत, ओळी आणि रकाने यांत, उघड लिहिलेल्या मूल्यांच्या रूपात असावी. धाग्यात, क्रमात, जागेत काहीही लपवलेलं नसावं. काय हवं ते सांगा, कसं काढायचं ते यंत्र बघेल. अटलांटिकवर खरोखर दिशा सांभाळत विमान नेलेला माणूस इतरांना वाट शोधायचे कष्ट नकोत असं म्हणत होता. खुद्द आयबीएमने बरीच वर्षं हा विचार बाजूला ठेवला, कारण आयएमएस हे त्यांचं जुन्या पद्धतीचं उत्पादन चांगलं खपत होतं. अशी प्रणाली बाजारात आधी उतरवली ती १९७९ साली दुसऱ्याच एका लहान कंपनीने, ओरॅकल नावाने. १९८१ साली कॉडना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. यशाचा हा भाग पुष्कळांनी सांगितला आहे.

माझं मन रेंगाळतं ते कोऱ्या रकान्यापाशी. तक्ता म्हटला की कुठेतरी माहिती नसणारच. कॉडच्या आधी आणि नंतरही लोकांनी यावर सोयीचा उपाय केला होता: काहीतरी भरून टाका. जन्मतारीख माहीत नाही? १ जानेवारी १९०० टाका. वय नाही? ९९. आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा आधीच्या खातेवह्यांतून अशा कित्येक नोंदी आल्या. शंभरी गाठलेले खातेदार एका दिवसात शेकड्यांनी वाढले होते. कॉडनी सांगितलं की अशी जागा कोणत्याही मूल्याने भरू नका. तिथे एक खूण ठेवा, नल नावाची. ती शून्य नाही, रिकामं अक्षर नाही, 'नाही' असं उत्तरही नाही. तिचा अर्थ इतकाच, की इथे काय आहे ते कळलेलं नाही. १९७९च्या त्यांच्या लेखात हा विचार नीट मांडलेला आहे. मग त्याला धरून तर्कही बदलावा लागला. खरं आणि खोटं यांच्या जोडीला तिसरं मूल्य आलं, 'अज्ञात'.

त्याचा एक परिणाम शिकाऊ मुलांना नेहमी चकवतो. ज्यांचा पत्ता रत्नागिरीचा आहे असे खातेदार काढा. मग ज्यांचा पत्ता रत्नागिरीचा नाही असे काढा. दोन्ही याद्यांची बेरीज सगळ्या खातेदारांइतकी व्हायला हवी ना? होत नाही. ज्याच्या पत्त्याचा रकाना कोरा आहे तो दोन्ही याद्यांतून गळतो. यंत्राला विचारलं, हा रत्नागिरीचा का? उत्तर अज्ञात. हा रत्नागिरीचा नाही का? तरी अज्ञात. आणि यादीत जायला 'खरं' लागतं. मुलं म्हणतात, मॅडम, सिस्टीम चुकली. सिस्टीम चुकलेली नसते. आपण दोनच याद्या मागितलेल्या असतात.

अशी तिसरी जागा आपल्याकडे जुनीच. जैनांच्या स्याद्वादात 'अवक्तव्य', म्हणजे सांगता न येणारं, असा एक पर्याय आहे, हे वाचकांपैकी पुष्कळांना माहीत असेल. जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने स्याद्वादावर लेख लिहिला, तो १९५७ साली 'संख्या' या भारतीय सांख्यिकीच्या नियतकालिकात आला. तेही ऑक्सफर्डचे, आणि त्याच वर्षी इंग्लंड सोडून भारतात स्थायिक झाले. कॉड एका दिशेला गेले, हाल्डेन दुसऱ्या. दोघांचीही नजर एकाच फटीवर गेली, याचं मला अप्रूप वाटतं.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं होतं. माझी अपेक्षा की त्यांना आनंद होईल, कारण त्यांच्या अभावाला यंत्रात जागा मिळाली होती. ते बराच वेळ विचारात पडले. म्हणाले, 'हा अभाव नव्हे, बाळ. अभाव वस्तूचा असतो. घडा नाही, हे जमिनीबद्दल खरं आहे, तू बघ किंवा बघू नकोस. तुझ्या त्या रकान्यात जे लिहिलंय ते तुझ्याबद्दल आहे. ओळ त्या माणसाची आणि अज्ञान तुझं. दुसऱ्याच्या ओळीत आपलं अज्ञान लिहायचं कशाला?'

पुढे कळलं, की कॉडचे निकटचे सहकारी ख्रिस डेट यांचा आक्षेप याच वळणाचा होता. दोघांनी मिळून सल्लागार संस्था काढली, एकमेकांवर जीव लावला, आणि नलवर मात्र उभा दावा. डेटचं म्हणणं, जग दोनच मूल्यांचं आहे. विधान खरं असतं किंवा खोटं असतं. आपल्याला माहीत नसणं हे तिसरं सत्य नव्हे. तक्त्याची प्रत्येक ओळ जर एक खरं विधान असेल, तर कोरी जागा असलेली ओळ काय विधान करते? नैयायिकांनी डेटची पाठ थोपटली असती. मीही बुद्धीने त्या बाजूला झुकते. तरीही कॉडनी तो रकाना उघडा ठेवला नसता, तर आम्ही तो १ जानेवारी १९००ने भरलाच असता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

२००९च्या नोव्हेंबरात फयान वादळ कोकणावर आलं. होड्या परतल्या नाहीत. काही दिवसांनी एक बाई आमच्या शाखेत आल्या. नवऱ्याच्या खात्यातले पैसे हवे होते. खातं त्याच्या एकट्याच्या नावावर, वारस म्हणून बाईंचं नाव लावलेलं. आमच्या सिस्टीममध्ये खातेदाराच्या स्थितीचे दोनच पर्याय होते, हयात आणि मयत. हयात म्हणावं तर सही त्याची हवी. मयत म्हणावं तर दाखला हवा, आणि शेवटी कोणीतरी ते अक्षर दाबायला हवं. काउंटरवरचा मुलगा भला होता. बाईंची सोय व्हावी म्हणूनच त्याने विचारलं, 'मयत लावू का, काकी? पुढचं मी बघतो.' बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळावर कुंकू होतं. त्या म्हणाल्या, 'तुम्ही पाहिलंत?'

मी मागे उभी होते. तर्कसंग्रह न वाचलेल्या बाईला योग्यानुपलब्धीचा प्रश्न याहून नेमका विचारता आला नसता. समुद्र हे उजेडातलं अंगण नाही. तिथे न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. आणि पैसे तर आज हवे होते, घरात लेकरं होती. संशयाच्या पायरीवर तिने घर बांधलं होतं म्हणा, किंवा दुसरं काही बांधायला तिला कोणी जागाच दिली नव्हती म्हणा. मी आस्तिक-नास्तिकाच्या गोष्टी करते तेव्हा पायरीवर बसणं मला परवडतं. तिला ते परवडत नव्हतं, तरी ती तिथून हलायला तयार नव्हती. त्या दिवशी आम्ही तिला दुसऱ्या मार्गाने, तारणावरच्या छोट्या कर्जाने पैसे दिले आणि स्थितीचा रकाना कोरा ठेवायची परवानगी वरून मिळवली.

आपल्या परंपरेने या प्रसंगाचा विचार केलेला आहे, आणि तो मला हृदयशून्य वाटत नाही. ज्याची मृत्युतिथी माहीत नाही, त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची सोय आहे. दूर गेलेला आणि वार्ता नसलेला माणूस बारा वर्षं वाट पाहून मृत मानावा, पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी द्यावा, असं धर्मशास्त्राचे ग्रंथ सांगतात. आणि मग तो परत आला तर? तर त्याला तुपाने स्नान घालायचं, जातकर्मापासून संस्कार पुन्हा करायचे, आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात याची नोंद आहे. विधी करणाऱ्यांनी आपण चुकू शकतो हे विधीतच धरून ठेवलं होतं. मृत्यू लिहिला तरी तो आपल्या माहितीवरून लिहिला, हे विसरायचं नाही. आपला कायदा सात वर्षं मागतो. त्यातही गृहीत धरायचा तो मृत्यू, मृत्यूची तारीख नाही. ज्याला तारीख हवी त्याने ती सिद्ध करावी. इंग्रजी कायद्यातून आलेलं हे कलम मला प्राज्ञपाठशाळेत शोभलं असतं.

कॉडनाही एकच खूण पुरत नव्हती. १९९०च्या त्यांच्या मोठ्या पुस्तकात दोन खुणा आहेत. एक, मूल्य आहे पण आपल्याला मिळालेलं नाही. दुसरी, मूल्य असणं इथे लागूच नाही. अविवाहित माणसाच्या ओळीतला जोडीदाराच्या नावाचा रकाना आणि ज्याने नाव सांगितलं नाही त्याचा तोच रकाना, हे दोन्ही कोरे, पण कोरेपण एक नाही. अण्णांना दुसरी खूण आवडली असती. तो खरोखरचा अत्यंताभाव आहे, म्हणजे कधीच नसणं, वस्तूबद्दलचं विधान आहे. न्यायात अभावाचे आणखीही प्रकार आहेत. प्रागभाव म्हणजे अजून झालेलं नाही, जसं बारशाआधीच्या बाळाचं नाव. प्रध्वंसाभाव म्हणजे होतं आणि नष्ट झालं. दोघांनाही तक्त्यात स्वतंत्र जागा हवी, असं मला वाटतं. बाजारातल्या डेटाबेस बनवणाऱ्यांनी मात्र कॉडची दुसरी खूणही घेतली नाही, तिसरी-चौथी दूरच. आजही सगळ्याला एकच नल. सरकारी योजनांतून नावं गळतात तेव्हा त्यातली किती या एका खुणेत दोन-तीन निरनिराळे अर्थ कोंबल्यामुळे गळतात, याचा विचार करायला हवा. विधवा असल्याचा पुरावा नाही, सधवा असल्याचाही नाही, म्हणून दोन्ही याद्यांत नसलेली बाई उपाशी राहते. मॅकार्थींच्या यादीतल्या माणसासारखाच तिच्याही ओळीत दुसऱ्याच कोणाचा तरी आळस नाहीतर अज्ञान लिहिलेलं असतं. याचा मला संताप येतो, आणि निवृत्त झाल्यावरही तो कमी झालेला नाही.

फयाननंतर आम्ही आमच्या सिस्टीमपुरतं एक केलं. अण्णांचा आक्षेप आणि कॉडचा आग्रह, दोन्ही डोक्यात ठेवून केलं. कोऱ्या राहणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या रकान्याला एक वेगळा जोडतक्ता दिला. त्यात खाते क्रमांक, कोणती गोष्ट माहीत नाही, बँकेच्या वतीने कोणी विचारलं, कधी विचारलं, काय उत्तर आलं. यातली प्रत्येक ओळ पूर्ण भरलेली आणि खरी. '१४ डिसेंबरला शाखेने पत्नीस विचारलं, उत्तर: परत आलेले नाहीत.' अज्ञान आता खातेदाराच्या ओळीत नव्हतं. ते बँकेच्या नावावर, तारखेसकट जमा झालं होतं. डेटनाही यावर हरकत घेता आली नसती, दोन मूल्यांचा तर्क शाबूत होता. कॉडचं मूळ तत्त्वही शाबूत होतं: जे आहे ते सगळं उघड, मूल्याच्या रूपात, तक्त्यात.

आणि याद्या काढताना दोनाच्या तीन निघू लागल्या. तिसरी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाखा व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवायची, आणि त्याने तिच्यातल्या प्रत्येक नावाच्या घरी कोणाला तरी पाठवायचं, असं परिपत्रक निघालं. पहिल्या महिन्यात मच्छीमारांच्या मिरकरवाड्याला मीच गेले.